भाऊजी आणि न जाणारे हंस

माझ्या भाऊजींना कुणालाही 'जा' म्हणता येत नाही. घरी आलेला माणूस उठायला लागला की यांचीच धांदल उडते. "बसा हो, काय एवढी घाई आहे," म्हणत ते पुन्हा किटली चढवतात, आणि ज्याला खरोखरच घाई असते तो बिचारा तोंड पोळत तिसरा चहा पितो. एकदा विम्याचा माणूस दारातूनच पत्रक देऊन जाणार होता. तो जेवून गेला, आणि बाहेर वारा सुटला होता म्हणून जाताना भाऊजींचा मफलर गळ्यात घालून गेला. मफलर ताईने विणलेला होता. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, गप्प बसली. मी बसले नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे आमच्या सगळ्या वसाहतीला ठाऊक आहे, त्यामुळे आता तो कुणी मनावर घेत नाही.

भाऊजी वीजघरात झडपा सांभाळतात. यंत्रं थंड राहावीत म्हणून नदीचं पाणी आत घेतात, ते आतून तापून बाहेर पडतं आणि मागच्या मोठ्या तळ्यात जातं. कुठली झडप केव्हा उघडायची आणि कुठली किती आवळायची, हे भाऊजींचं काम. हाताला कायम ग्रीसचा वास, खिशात चिंध्यांचा बोळा. एखादी झडप घट्ट बसली की बाकीचे तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. भाऊजी तिला तेल घालतात, दोनदा थोपटतात आणि शेजारी उभे राहून वाट बघतात. यंत्रांच्या घरघराटात काम करून करून तिथल्या सगळ्यांचे आवाज भोंग्यासारखे झालेत. हे मात्र कानाशी येऊन बोलतात. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

त्या तळ्याच्या काठाला कामगारांच्या घरांची रांग आहे. ताईच्या दोन खोल्या, आणि भिंतीला भिंत लावून माझी एक. मी शिवणकाम करते. वीजघरातल्या निम्म्या लोकांचे डगले माझ्या मशीनखालून गेलेत. मधल्या भिंतीत आम्ही एक झरोका पाडून घेतलाय. त्यातून ताई मला आमटीची वाटी देते आणि मी तिला सल्ले देते. वाटी रिकामी होऊन परत जाते, सल्ले मात्र तिच्याकडे तसेच पडून असावेत.

आता हंसांबद्दल. हे चित्रातले पांढरेशुभ्र हंस नव्हेत. हे रानहंस, करडे, जाड मानेचे, आणि आवाज असा की सायकलचा जुना भोंगा बरा. ते वसंतात येतात, नदीकाठच्या गवतात घरटी करतात आणि पानं गळायला लागली की ओळी करून दक्षिणेकडे निघून जातात. आम्ही वर बघतो, "गेले बाई" म्हणतो आणि लोकरीचे कपडे बाहेर काढतो.

एका शरदात मात्र त्यांतला एक नर विजेच्या तारेवर आपटला. भाऊजींनी त्याला आपल्या डगल्यात गुंडाळून घरी आणलं. डगला नवा होता आणि मी शिवलेला होता, एवढंच नोंदवून पुढे जाते. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा पंख बांधून दिला. जरा बरं वाटल्यावर तो अंगणात असा फिरू लागला, मान ताठ, पाय फेकत, प्रत्येक बादलीत डोकावत, की भाऊजींनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. तळ्यात त्याची मादी थांबली होती. सगळा थवा गेला, ही एकटी राहिली आणि दिवसभर हाका मारत बसली. तिचं नाव अर्थातच बाईसाहेब. पंखाची पट्टी सुटल्यावर साहेब तळ्यात गेले आणि दोघांनी माना एकमेकींना लावून जो काही आरडाओरडा केला, तो ऐकून ताई खिडकीशी उभी राहून डोळे पुसत होती.

त्या हिवाळ्यात नदी गोठली, पण तळं गोठलं नाही. त्यात गरम पाणी येत होतं. भाऊजी रोज सकाळी मक्याचे दाणे घेऊन जायचे. वसंत आला, लव्हाळ्यांच्या आडोशाला घरटं झालं, चार पिल्लं झाली. मग काय विचारता! ताई-भाऊजींचा मुलगा लांबच्या शहरात नोकरीला आहे. तो पहिल्यांदा गेला तेव्हा भाऊजींच्या "थांब रे जरा"मुळे त्याची गाडी चुकली होती. आता घरात बोलायला साहेबांची पिल्लं मिळाली. कुठलं धीट, कुठलं खादाड, कुठलं आईला सोडत नाही, हे आम्हाला रोज जेवताना ऐकावं लागे. मी कंटाळल्याचं दाखवायची. खरं तर पिल्लं पहिल्यांदा उडाली त्या दिवशी मी मशीन सोडून धावत बाहेर गेले होते.

पुढचा शरद आला तेव्हा वीजघरात पाटी लागली. जुनी यंत्रं खोलून दुरुस्त करायची, त्यासाठी हिवाळाभर वीजघर बंद. लोक खूश झाले. भाऊजीही खूश झाले, कारण हंसांबरोबर जास्त वेळ बसता येणार होतं. त्यांच्या डोक्यात एवढंच आलं, आणि आमच्याही.

डॉक्टरीणबाई साहेबांचा पंख बघायला आल्या तेव्हा सहाही हंस स्वयंपाकघराच्या दाराशी ओळीने उभे होते. त्यांनी पंख ताणून पाहिला, मान डोलावली आणि म्हणाल्या, "काका, पंख एकदम झकास आहे. मग हे अजून इथे काय करताहेत? यांची निघायची वेळ झाली."

"कशाला उगीच दगदग?" भाऊजी म्हणाले. "थंडीपासून पळतात बिचारे. इथे तर पाणी गरम आहे."

"थंडीला नाही घाबरत ते. अंगावर एवढी मऊ पिसं आहेत, तुमच्या-माझ्यापेक्षा ऊबदार असतात. पोटासाठी जातात ते. गवत बर्फाखाली गेलं, पाणी गोठलं, की चरायचं कुठे? आणि रात्री कोल्ह्यापासून लांब, पाण्यात झोपतात. तेही पाणी राहत नाही."

"मग एकदा तिकडे गेले की तिकडेच राहावं की," ताई म्हणाली. "परत यायचं कशाला?"

"पिल्लांसाठी, मावशी. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवस किती लांब असतो! कोवळं गवत, दिवसभर चरायचं, पिल्लं भराभर वाढतात. शिवाय उन्हाळ्यात मोठ्यांचीही पंखातली पिसं एकदम झडतात. काही आठवडे उडताच येत नाही. तेव्हा मोकळं पाणी आणि शांतता लागते. पुन्हा दिवस लहान व्हायला लागला की यांच्या अंगातच चुळबुळ सुरू होते. खा-खा खातात, चरबी साठवतात, आणि निघतात."

"आमचेही खा-खा खातात," भाऊजी अभिमानाने म्हणाले.

"ते दिसतंय. पण निघत नाहीत, कारण तुम्ही निघायची गरजच ठेवली नाहीत." डॉक्टरीणबाईंचा आवाज मऊ होता, पण त्या बोलायच्या थांबल्या नाहीत. "काका, वीजघर बंद झाल्यावर या तळ्यात गरम पाणी कुठून येणार?"

भाऊजींनी कप खाली ठेवला. सगळ्या झडपा ज्यांच्या हाताखालून जातात त्या माणसाच्या ते लक्षात आलं नव्हतं. तळ्याकडे ते झडपवाला म्हणून बघायचे तेव्हा हंस दिसायचे नाहीत, आणि हंसांकडे बघायचे तेव्हा झडपा आठवायच्या नाहीत.

"गोठेल," ते म्हणाले.

"गोठेल. आणि कोल्हे बर्फावरून चालत येतील. तेव्हा घाबरून उडाले, तरी वाटेवरची तळीही गोठलेली असतील. आणि वाट पिल्लांना उपजत ठाऊक नसते. आईबापांच्या मागे एकदा उडायचं आणि शिकायचं. आत्ता उत्तरेकडून थवे येताहेत, त्यांच्यात मिसळले तर सगळं सोपं. मागचा पुढच्याच्या मागे राहिला की वाराही कमी लागतो."

"मग मी काय करू?"

"काहीच करू नका. दाणे बंद करा. भूक लागली की निघतील."

भाऊजींनी मान डोलावली. मला वाटलं, संपला विषय.

थवे यायला लागले. दिवसभर डोक्यावरून हाका जायच्या. साहेब मान वाकडी करून वर बघायचे, बाईसाहेब पंख झटकायच्या, पिल्लं गोंधळून इकडून तिकडे पळायची. आणि मग सगळे पुन्हा काठावर येऊन ढिम्म बसायचे. "भूक कशी लागत नाही यांना?" ताई म्हणायची. भाऊजी बूट पुसायला घ्यायचे.

एक दिवस त्यांनी मला डगला दुरुस्तीला दिला. खिसा उसवला होता. मी अस्तर उलटं केलं आणि मक्याचे दाणे टपटप मशीनवर पडले. मूठभर तर शिवणीतच अडकले होते. खिसा उसवला होता तो वजनाने!

मी डगला तसाच उचलून तळ्यावर गेले. भाऊजी उकिडवे बसले होते आणि साहेब त्यांच्या हातातून खात होते.

"भाऊजी!" मी ओरडले. "हे काय चालवलंय? तुम्ही मारताय त्यांना! दाणे खाऊ घालून मारताय!"

ते उठले नाहीत. "अगं, येऊन बघतात गं माझ्याकडे," ते म्हणाले. "सकाळी दाराशी येतात आणि नुसते बघतात. काय सांगू मी त्यांना?"

माझ्या जिभेवर बरंच काही होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि अर्धं गिळलं. या माणसावर मी आयुष्यभर चिडत आलेय, आणि याच्याइतकं प्रेम मी फार थोड्या माणसांवर केलंय.

"धाकटे," ते म्हणाले, "तूच हाकल ना त्यांना. तुला चांगलं जमतं."

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं, म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मी झाडू घेऊन गेले आणि जे काही येत होतं ते सगळं मोठ्यांदा म्हणून पाहिलं. सहाही हंस पाण्यात शिरून तळ्याच्या मध्यावर गेले आणि रस्त्यावरचं भांडण बघावं तसे माझ्याकडे बघत राहिले. मी दमले. तेवढ्यात भाऊजी दारात आले, आणि ही सगळी वरात पोहत पोहत त्यांच्याकडे निघाली. त्यांच्या दृष्टीने मी काठावरची एक कटकटी बाई होते. घर त्यांचं तिकडे होतं.

डॉक्टरीणबाईंना ताईने निरोप पाठवून बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि चिडल्या नाहीत, हे मला जरा खटकलंच. "काका," त्या म्हणाल्या, "ते तुमच्या भरवशावर थांबलेत. दुसऱ्या कुणी हाकलून उपयोग नाही. आता त्यांना भीती वाटायला हवी, आणि ती तुमची वाटायला हवी. थवे आता थोडेच उरलेत."

त्या गेल्यावर भाऊजी बराच वेळ किटलीकडे बघत बसले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी पाहुण्याला थांबवलं नव्हतं.

सकाळी ते दाण्यांचा रिकामा पत्र्याचा डबा आणि झडपांचा मोठा पाना घेऊन बाहेर पडले. मी आणि ताई खिडकीशी. साहेबांनी डबा बघितला आणि आनंदाने पंख फडफडवत पुढे आले. मागोमाग सगळं कुटुंब.

भाऊजींनी घसा साफ केला. "अहो," ते म्हणाले, "निघा आता."

साहेब आणखी जवळ आले.

"याला ओरडणं म्हणतात?" मी खिडकीतून तोंड काढणार, तेवढ्यात ताईने माझा दंड धरला. "त्यांना करू दे," ती म्हणाली.

भाऊजींनी पाना डब्यावर हाणला. आवाज एवढा झाला की ते स्वतःच दचकले. हंस मागे सरले, थांबले, पुन्हा बघायला लागले. मग भाऊजी धावले. जड बूट, उसवलेला डगला, हातात तो डबा, आणि तोंडाने, "निघा! निघा म्हणतो ना! चालते व्हा इथून!" मला हसू यायला हवं होतं. त्यांचा आवाज फाटला होता. तो आवाज त्या माणसाच्या आत होता हे ताईलाही माहीत नसावं. ती खिडकीची चौकट धरून उभी होती.

साहेब जागचे हलेनात. मान उंच करून ते भाऊजींकडे बघत राहिले, आणि डबा अगदी तोंडाशी वाजला तेव्हा त्यांनी मान खाली घातली, फुत्कारले आणि भाऊजींच्या विजारीचा पाय चोचीत धरून ओढला. मग उडाले. सगळे उडाले, वीजघराला एक फेरी मारली आणि पुन्हा तळ्यात उतरले.

भाऊजी पुन्हा धावले.

हे रोज चाललं. हंस उतरायचे, भाऊजी धावायचे. बाजूच्या घरांतले लोक आधी दारात येऊन हसले, मग हसायचे थांबले. भाऊजींचा घसा बसला. जेवायला बसले की दोन घास खाऊन ते ताईला विचारायचे, "लागलं तर नसेल ना गं? मी फेकून नाही मारत काही, नुसता वाजवतो." ताई म्हणायची, "नाही लागत. जेवा तुम्ही." आणि तिलाही जेवण जात नसे.

मग वीजघर बंद करायचा दिवस आला. गरम पाण्याची शेवटची झडप भाऊजींनीच आवळायची होती. ती कधी नव्हे ती सहज फिरली. तळ्यावर कायम असते ती वाफ दुपारपर्यंत निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठाकाठाने बर्फाची पातळ साय धरली होती. साहेबांचं कुटुंब मध्यावरच्या पाण्यात एकमेकांना चिकटून होतं. भाऊजींना बघून ते आता जवळ येत नव्हते, पण जातही नव्हते.

ढग खाली उतरले होते. कामगारांनी यंत्रं खोलायला घेतली होती, तरी त्या ठाकठुकीतून हाका ऐकू आल्या. एक थवा, मोठा नव्हे, उशीर झालेला, नदीवरून येत होता. बाईसाहेबांनी मान वर केली आणि उत्तर दिलं. भाऊजी घरातून जे सुटले ते काठावरचा बर्फ मोडत गुडघाभर पाण्यात शिरले. डबा वाजत होता. "जा!" ते ओरडत होते. बसलेल्या घशातून तो शब्द धड फुटतही नव्हता. "जा! जा! जा रे बाबांनो, जा!"

आधी बाईसाहेब उठल्या. त्यांच्यामागे चार पिल्लं, पाण्यावरून पाय आपटत. साहेब सगळ्यांत शेवटी. ते वर गेले, एक फेरी मारली. याआधी प्रत्येक वेळी ते याच फेरीनंतर खाली आले होते. या वेळी थव्याची शेपटी त्यांच्या डोक्यावरून चालली होती. बाईसाहेब ओरडत तिकडे वळल्या. पिल्लं आईमागे वेडीवाकडी उडत गेली, मग सरळ झाली, आणि कुठली आपली आणि कुठली परकी हे मला ओळखू येईना.

भाऊजी डबा वाजवत राहिले. आकाशात काही दिसेनासं झालं तरी वाजवत राहिले. ताई पाण्यात उतरली, त्यांच्या हातातून पाना काढून घेतला आणि त्यांना धरून घरी आणलं. चुलीपुढे बसून ते लहान पोरासारखे रडले. "शेवटी माझ्याकडे बघून गेला गं," ते ताईला म्हणाले. "काय वाटलं असेल त्याला? ज्याच्या हातून खाल्लं..." मीही रडले. मला रडायची लाज वाटत नाही.

तो हिवाळा लांबला. तळ्यावर बर्फ असा जाड झाला की त्यावरून कोल्ह्यांच्या पावलांच्या रांगा गेल्या. भाऊजींनी ती पावलं बघितली, थोडा वेळ उभे राहिले आणि घरी येऊन पोटभर जेवले. पण हंसांचा विषय आम्ही काढला नाही. एवढी लांबची वाट, त्यात पिल्लं कोवळी, साहेबांचा पंख एकदा मोडलेला. काय बोलणार?

बर्फ वितळला, वीजघराचा धूर पुन्हा सुरू झाला. एका सकाळी ताई झरोक्यातून ओरडली, "अगं, आलेत!" मी चपला न घालताच पळाले. काठावरच्या नव्या गवतात सहा हंस चरत होते. मी दहादा मोजले, सहाच भरत होते. पिल्लं आता साहेबांएवढीच झाली होती. मी अगदी जवळ गेले तरी त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. ताई गेली, तिलाही वाट दिली.

मग भाऊजी आले. धावत आले, आणि काठाशी येऊन एकदम हळू झाले. दोन्ही हात पुढे, मोकळे, काही नाही असं दाखवत.

साहेबांची मान वर झाली. त्यांनी भाऊजींकडे नीट बघितलं, मान जमिनीसरशी लांब केली आणि जोरात फुत्कारले. एकदा ओरडले, आणि सगळं कुटुंब घाईघाईने पाण्यात शिरून पार पलीकडच्या काठाला गेलं. भाऊजी हात पुढे धरून तसेच उभे.

अशा वेळी काय बोलायचं ते मला कधीच कळत नाही. "भाऊजी, अहो, पक्षीच ते," मी म्हणायला लागले, "त्यांना काय समजतंय..."

ते माझ्याकडे वळले. चेहरा असा उजळला होता की मी पुढचं विसरले.

"ओळखलं गं मला!" ते म्हणाले. "एवढ्या लांब जाऊन आले, पण विसरले नाहीत!"

आणि साहेबांना अलीकडे येऊन निवांत चरता यावं म्हणून त्यांनी आम्हा दोघींनाही मागे चलायला सांगितलं.